जुनी मारुती ८०० बेळगावातून गडहिंग्लजला विकायची आहे : आरसी, पीयूसी आणि एनओसी यांचा क्रम काय ठेवावा?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे केए-२२ क्रमांकाची मारुती ८०० आहे. बेळगावातच नवी घेतली आणि तिची नोंदणी १९ मे २०११ ची आहे, म्हणजे येत्या १८ मे २०२६ रोजी आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) पंधरा वर्षे पूर्ण होतात. गाडी एका हाताची, चौसष्ट हजार किलोमीटर चाललेली, कर्ज केव्हाच फिटलेले. गडहिंग्लजच्या एका शिक्षकांनी ती पाहिली आणि सत्तर हजार रुपये देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांचे म्हणणे असे की, मी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी आत्ताच त्यांच्या ताब्यात द्यावी, पुढचे कागद ते कोल्हापूरच्या आरटीओत सवडीने पाहतील. माणूस सज्जन वाटतो, परंतु 'सवडीने' या शब्दाशी माझे मन अडले आहे.

त्यात पीयूसीची (प्रदूषण तपासणी प्रमाणपत्राची) मुदत संपली होती म्हणून परवा केंद्रावर गेलो, तर गाडी नापास झाली. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.४२ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) ३१० असे आकडे आले आणि हातात नापासाची चिठ्ठी पडली. २०१० मध्ये बीएस-४ (भारत स्टेज-४ हे उत्सर्जन मानक) लागू झाल्याचे वाचले आहे, त्यामुळे २०११ ची गाडी बीएस-४ असणार असे मी आजवर धरून चाललो होतो. आता तीन प्रश्न आहेत. पीयूसीसाठी किती खर्च करावा? आरसीचे नूतनीकरण मी बेळगावात करून द्यावे की घेणाऱ्याने कोल्हापुरात करावे? आणि गाडी ताब्यात नेमकी केव्हा द्यावी?

उद्यमबागचा मिस्त्री

टिळकवाडीकर साहेब, आपली गाडी नापास झालेलीच नाही. तिला चुकीच्या परीक्षेला बसवले गेले आहे.

एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ आले ते देशातल्या फक्त तेरा शहरांत. दिल्ली, मुंबई, बेंगळुरू, पुणे यांच्यासोबत त्या यादीत आपल्याकडचे सोलापूर होते, पण बेळगाव नव्हते आणि कोल्हापूरही नव्हते. ८०० चे इंजिन बीएस-४ ला बसवायचे नाही असे कंपनीने ठरवले आणि त्या तेरा शहरांतून ती गाडी काढून घेतली. बाकी देशात मात्र ती २०१४ च्या सुरुवातीपर्यंत विकली गेली. म्हणून बेळगावात २०११ मध्ये घेतलेली ८०० ही बीएस-३ च असणार. संपूर्ण देशाला बीएस-४ लागले ते १ एप्रिल २०१७ पासून.

आता आकडे पाहा. बीएस-४ पेट्रोल मोटारीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) ही मर्यादा आहे, शिवाय इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास फिरवून वेगळी चाचणी असते. बीएस-३ मोटारीला सीओ ०.५ आणि एचसी ७५० चालते. आपले ०.४२ आणि ३१० हे आकडे बीएस-३ मध्ये आरामात बसतात. जुन्या गाड्यांच्या संगणकातील नोंदीत उत्सर्जन मानकाचा रकाना पुष्कळदा रिकामा असतो आणि मग केंद्रावरचा मुलगा साल पाहून अंदाजाने मानक निवडतो. दुसऱ्या खेपेला जाताना आरसी सोबत न्यावी आणि मानक कोणते धरले आहे ते चाचणीपूर्वी पडद्यावर स्वतः पाहावे. बीएस-३ गाडीचे पीयूसी सहा महिन्यांचेच मिळते, वर्षाचे मिळते ते बीएस-४ आणि त्यापुढच्यांना. तेव्हा कागदावर वर्षाची मुदत दिसली तरी खूश होऊ नये, तिथेही काही तरी चुकलेलेच असते.

तरीही ०.४२ हा आकडा मला थोडा चढा वाटतो. आपल्याकडच्या पावसात गाडी दोन-दोन महिने शेडमध्ये उभी राहते आणि एअर फिल्टर ओलसर होऊन त्यावर धूळ बसते. फिल्टर बदलावा, तिन्ही प्लग काढून पाहावेत, थ्रॉटल बॉडी साफ करून घ्यावी. सायलेन्सरच्या जोडाला फट असेल तर ती आधी बंद करावी. चाचणीला जाताना थंड गाडी नेऊ नये. पंधरा-वीस मिनिटे चालवून न्यावी, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) तापल्याशिवाय काम करत नाही. टिळकवाडीतून जवळच्या केंद्रापर्यंत तीन मिनिटांत गेलात तर चांगली गाडीसुद्धा तोंडघशी पडते.

काकतीकर

पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते असा नियम आला आहे ना? मग एवढी यातायात कशासाठी करायची?

खडेबाजार

तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या प्रदेशापुरता आहे; दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना तिथे बंदी घालणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला. कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात खासगी मोटारीचे वय हे एकटे कारण धरून ती भंगारात घालायला कोणी सांगत नाही. तपासणीत गाडी ठीक निघाली तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. शुल्क मात्र वाढले आहे. मोटारीच्या नूतनीकरणाला पूर्वी सहाशे रुपये पडत, ते १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले आणि उशीर झाल्यास दर महिन्याला पाचशे रुपये जादा लागतात.

मी विमा दाव्यांच्या कामात बरीच वर्षे आहे, म्हणून धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्याने आपली मालकी सुटत नाही. आरसीवर ज्याचे नाव तो मालक, ही कायद्याची व्याख्या आहे आणि ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीच धरली. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अशी अनेकांच्या हातांतून गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिली होती, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच आली. शिक्षक महाशय कितीही सज्जन असले तरी त्यांचा भाचा गाडी घेऊन आंबोली घाटात कोणाला धडकला, तर नोटीस टिळकवाडीत येईल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्याबाहेर विक्री केल्यास विकणाऱ्याने ४५ दिवसांत आपल्या आरटीओला एनओसीसह (ना हरकत प्रमाणपत्रासह) कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्याकडील आरटीओला. एनओसीचा अर्ज फॉर्म २८ वर, कलम ४८ खाली. त्यावर ३० दिवसांत होकार किंवा नकार कळवला नाही तर एनओसी मिळाली असे समजावे, असे कायदा म्हणतो. (खिडकीवर हे वाक्य सांगून पाहावे, उत्तर काय येते ते इथे जरूर लिहावे.) सोबत आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, गाडी चोरीची नसल्याचा पोलिसांच्या नोंदींतील दाखला आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने काढलेला छाप लागतो. थकीत चलने आधी भरावीत. एनओसी विशिष्ट आरटीओच्या नावाने निघते, म्हणून घेणाऱ्याच्या आधारवरचा पत्ता पाहिल्याशिवाय अर्ज करू नये. कोल्हापूर लिहिले आणि माणूस निघाला सांगलीच्या पत्त्याचा, तर आधीची एनओसी रद्द करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

विम्याचेही सांगून ठेवतो. तिसऱ्या पक्षाचा विमा विक्रीबरोबर घेणाऱ्याकडे जातो असे कलम १५७ मानते, पण १४ दिवसांत त्याने नाव बदलून घ्यायचे असते. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातील सवलत) असेल तर तो आपला, गाडीबरोबर जात नाही. त्याचे पत्र विमा कंपनीकडून मागून घ्यावे.

निपाणीकर

खडेबाजार यांनी लिहिले ते मी भोगलेले आहे. २०१९ मध्ये माझी केए-२३ क्रमांकाची डिझेल गाडी कागलच्या एका गृहस्थाला दिली. मध्ये एक एजंट होता. त्याने सह्या घेतल्या, 'पंधरा दिवसांत नाव बदलून देतो' म्हणाला आणि मीही मान डोलावली. त्यानंतर सव्वादोन वर्षे कोल्हापुरातल्या चलनांचे मेसेज माझ्या मोबाईलवर येत राहिले. कधी सिग्नल तोडला, कधी सीटबेल्ट नाही. एकदा तर पीयूसी नसल्याचे चलन आले. त्या गुन्ह्याला कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे. गृहस्थाला फोन केला की ते म्हणत, 'भरतो की, पळून चाललोय काय.' शेवटी मीच दोनदा कोल्हापूरला खेटे घातले, एनओसीसाठी चिक्कोडीला तीनदा गेलो, आणि एजंटाला दिलेले पैसे बुडाले ते वेगळेच.

तेव्हा एनओसी हातात येईपर्यंत गाडी देऊ नका. देताना साध्या कागदावर तारीखच नव्हे तर वेळही लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि घेणाऱ्याच्या आधारची प्रत ठेवा. आणखी एक गोष्ट, जी माझ्याकडून राहिली होती: फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.

गडहिंग्लजवाला

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण दोन वर्षांपूर्वी बेळगावहून एक जुनी पेट्रोल गाडी मी इकडे आणली आहे. आमच्याकडे नवा एमएच-०९ क्रमांक मिळेपर्यंत जे पैसे जातात, त्यांचा हिशेब सौद्याच्या वेळी कोणी मांडत नाही.

महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर पुन्हा भरावा लागतो. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला तो मूळ किमतीच्या ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के असतो, आणि गाडीच्या वयाप्रमाणे त्यात घट मिळते. यासाठी मूळ खरेदीचे बिल मागतात. टिळकवाडीकरांनी ते शोधून ठेवावे, पुढची पुष्कळ वादावादी वाचते. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पाच वर्षांसाठी पर्यावरण कर लागतो. क्रमांक बदलला की उच्च सुरक्षा क्रमांकपाट्या नव्या घ्याव्या लागतात. कर्नाटकाच्या सक्तीप्रमाणे हल्लीच पाट्या बसवल्या असतील तर ते पैसे गेले असे समजावे. पीयूसी देशभर चालते, त्यामुळे बेळगावचे प्रमाणपत्र कोल्हापुरात चालत नाही असे कोणी सांगितले तर ऐकू नका. पण ते जुन्या क्रमांकावर असते, म्हणून नव्या क्रमांकावर ते पुन्हा काढावे लागले. विम्यावरही क्रमांक बदलून घ्यावा लागतो.

कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराचा काही भाग, गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवल्याचा पुरावा दिल्यावर परत मिळू शकतो, पण गाडीचे वय वाढेल तसा तो आकडा आटत जातो. ८०० सारख्या मूळच्या स्वस्त आणि पंधरा वर्षांच्या गाडीसाठी त्याच्या मागे लागण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

नूतनीकरणाबद्दल माझे मत खडेबाजार यांना कदाचित पटणार नाही. आता फेब्रुवारी आहे. एनओसी लगेच घेऊन मेच्या आत कोल्हापुरात नोंद झाली, तर कर्नाटकाचा हरित कर (तिकडचा पर्यावरण कर) वाचतो आणि नूतनीकरण इकडेच होते.

खडेबाजार

गणित बरोबर आहे, पण ते दोन्ही आरटीओ वेळेवर चालतील या गृहीतावर उभे आहे. एनओसीला महिना, मग कोल्हापुरात तपासणीची तारीख, त्यात एखादी त्रुटी निघाली की १८ मे उलटून जातो. मुदत संपलेल्या आरसीची गाडी म्हणजे बिननोंदणीची गाडी. ती रस्त्यावर आणता येत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. उशिराचे शुल्क चालू होते ते निराळेच. हरित कराचे काही शे रुपये वाचवण्यासाठी मी हा धोका घेणार नाही. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो, म्हणजे धागाकर्त्यांना १९ मार्चच्या सुमारास दार उघडते. तोवर पीयूसी आणि बाकीची डागडुजी करून घ्यावी, आणि पाच हजारांचा भार कोणी उचलायचा ते आजच बोलून घ्यावे.

शिनोळी नाका

माझे घर शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्यात, आणि लेथचा कारखाना बेळगावच्या उद्यमबागेत. दिवसभर गाडी कारखान्याच्या दारातच उभी असते. मी ही ८०० घेतली तर एनओसीशिवाय केए-२२ वरच माझ्या नावावर होऊ शकते का? होत असेल तर मी पासष्ट हजार द्यायला तयार आहे. हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही, नाक्यावरच्या निम्म्या लोकांचा आहे.

खडेबाजार

होऊ शकते. कलम ४० मध्ये मालकाचा रहिवास किंवा व्यवसायाचे ठिकाण, जिथे वाहन सर्वसाधारणपणे ठेवले जाते, असे शब्द आहेत. कारखान्याचा परवाना आणि वीजबिल आपल्या नावावर असेल तर बेळगावच्या आरटीओत फक्त मालकी बदल होईल. पण गाडी खरोखर तिथे राहत असली पाहिजे. बारा महिन्यांहून जास्त काळ ती महाराष्ट्रातच ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथला क्रमांक घ्यावा लागतो. एखाद्या मित्राच्या दुकानाची भाडेपावती जोडून पत्ता दाखवण्याचा उद्योग आपल्या भागात सर्रास चालतो. त्याला मी सल्ला म्हणणार नाही.

शहापूरची लेक

थोडे अवांतर विचारते, क्षमस्व. आमची गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते गेल्या नोव्हेंबरात वारले. सांगलीचे एक जण गाडी मागत आहेत. आई वारस म्हणून फॉर्म २९ वर सही करू शकते का?

खडेबाजार

ताई, थेट नाही. आधी गाडी आईंच्या नावावर घ्यावी लागेल. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. अर्जाची मुदत तीन महिन्यांची आहे, म्हणजे आपल्याला आता घाई करायला हवी. नवी आरसी हातात आल्यावरच सांगलीसाठी एनओसी मागावी. वडिलांच्या जुन्या सह्या असलेले कोरे फॉर्म घरात सापडले आणि कोणी 'हेच चालवू' म्हणाले, तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

उशिरा लिहितो आहे, पण व्यवहार पूर्ण होईपर्यंत थांबणे मला योग्य वाटले. शिनोळीकरांचा पर्याय सर्वांत सोपा होता हे मान्य करतो. परंतु गडहिंग्लजला शब्द गेला होता आणि पाच हजारांची तफावतही होती.

उद्यमबागच्या मिस्त्रींचे निदान अचूक निघाले. फिल्टर आणि प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि गाडी हिंडलग्यापर्यंत फिरवून तापलेलीच दुसऱ्या केंद्रावर नेली. तिथे मानकाच्या रकान्यात पुन्हा बीएस-४ च दिसत होते. आरसी दाखवल्यावर त्यांनी ते बदलले. सीओ ०.२६, एचसी १४०. हे आकडे बीएस-४ च्या आयडलच्या मर्यादेतही बसले असते, पण प्रमाणपत्र मात्र सहा महिन्यांचेच मिळाले आणि मी ते हट्टाने तसेच घेतले.

नूतनीकरणाचा अर्ज मार्चअखेरीस केला. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, टायर पाहिले आणि बॉनेट उघडून चेसिस क्रमांक वाचायला घेतला, तर तिथे पंधरा वर्षांचे तेलकट काळे किटण. रॉकेलचे फडके घेऊन ते मीच तिथे उभ्याने घासले, तेव्हा कुठे शेवटचे दोन अंक दिसू लागले. घासलेल्या त्या जागेवर कागद धरून पेन्सिलचे दोन छाप जास्तीचे काढून ठेवले होते, ते पुढे फॉर्म २८ ला कामी आले. एनओसी बावीस दिवसांत मिळाली, त्यामुळे कलम ४८ चे वाक्य खिडकीवर म्हणण्याची वेळ आली नाही.

पाच हजारांपैकी अडीच त्यांनी सोसले, अडीच मी. मूळ बिल पत्नीने लग्नाच्या अल्बमच्या पाकिटातून शोधून काढले. ते तिथे का होते हे दोघांनाही आठवत नाही. गाडी दिली त्या दिवशी कागदावर दुपारी ३ वाजून ४० मिनिटे अशी वेळ लिहून दोघांनी सह्या केल्या, चहा झाला आणि गुरुजी संकेश्वरच्या दिशेने निघाले. सगळे सांगितल्याप्रमाणे झाले या समाधानात मी बसलो असताना पाचच्या आत मोबाईल वाजला. हत्तरगी टोलनाक्याचे पैसे माझ्या खात्यातून कापले गेले होते. निपाणीकर, आपले वाक्य मी तेव्हा वाचले होते, हे कबूल करतो.